लाडूचा उपास

"खाल्ल्यान काय गो?"

२०२४ च्या जूनपासून डिसेंबरपर्यंत आमच्या घरात दिवसाची सुरुवात या प्रश्नाने व्हायची. आई चुलीपुढून विचारायची, मी मागच्या खोलीतून "नाय" म्हणायचे आणि मग चहा व्हायचा. शेवटी शेवटी मी उत्तरच देईनाशी झाले. माझ्या पावलांवरूनच तिला कळायचं.

लाडू म्हणजे बॉल पायथन जातीच्या सापाची मादी, वय सहा वर्षं, लांबी चार फुटांच्या जरा आत. घाबरली की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करते, म्हणून लाडू. मूळ जात पश्चिम आफ्रिकेतली, घाना, टोगो, बेनिनकडची. आमची मात्र पिंजऱ्यातच जन्मलेली आणि पुण्यात माझ्या मावसभावाच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तो जर्मनीला निघाला तेव्हा मी नोकरी घरून करायचं ठरवून मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी, आचऱ्याला परतले होते. त्याला तिच्यासाठी ओळखीचं माणूस हवं होतं, आणि मी तिला पाच वर्षं ओळखत होते. मेमध्ये काचेचा टँक, त्याच्या तळाला ऊब देणारी विजेची हीट मॅट आणि कागदपत्रांची फाइल घेऊन ती आमच्या चिऱ्यांच्या घरात आली.

कागदपत्रांचं आधीच सांगते, कारण कोणी साप पाळतं म्हटलं की पहिली शंका तीच येते, आणि यायलाच हवी. आपल्याकडचा नाग, धामण, अजगर, कुठलाही साप हौसेने घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असली तरी 'साइटिस'च्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येते. २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम आल्यापासून अशा जनावराची सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद लागते, आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे गेलं तर तेही कळवावं लागतं. आम्ही दोघांनी ते सगळं रीतसर केलं. शेजारच्या आबांना या कशाचंच कौतुक नव्हतं. त्यांनी काचेतून एकदा बघितलं, तपकिरी अंगावरचे काळसर पट्टे न्याहाळले आणि निकाल दिला, "घोणस ती. माका शिकवू नको."

आईची भीती मात्र निराळी होती. तिच्या वडिलांना चिरेखाणीवर फुरसं चावलेलं. ते वाचले, पण पायाचा अंगठा गेला. आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, नाहीतर किरडू. तेही दिवेलागणीनंतर टाळतात. अशा बाईने घरात जनावर ठेवू दिलं ते एका अटीवर, की मागच्या खोलीचं दार कायम ओढलेलं पाहिजे. आठवडाभरात दार तीच उघडायला लागली. बिनविषारी आहे, सहसा चावत नाही, ओरडत नाही, आणि दोन आठवड्यांतून एकदाच जेवतं हे कळल्यावर तिचं मत सुधारलं. "पावण्यांपेक्षा बरां," ती म्हणाली.

मेअखेरीस लाडूने एक उंदीर खाल्ला, ११ जूनला दुसरा. तोच शेवटचा.

उंदरांची व्यवस्था सांगण्यासारखी आहे. पुण्यातला एकजण सापांसाठी पांढरे उंदीर वाढवतो आणि गोठवून विकतो. तो थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून पेटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सला लावायचा. मालवणची मासळी ज्या पेट्यांतून पुण्याला जाते, तसल्याच पेटीतून माझे उंदीर उलट्या दिशेने यायचे. ते ठेवायचे कुठे हा प्रश्न होता. पण जून-जुलैत मासेमारी बंद, फ्रीजर रिकामा. आईने मोठ्या मनाने खालचा एक कोपरा दिला, वर डबा दोन पिशव्यांत बांधायला लावला आणि डब्यावर मार्करने मोठी फुली काढली. "बांगडे येतले तेव्हा ह्यां भायर," असं बजावूनही ठेवलं.

गोठलेला उंदीर तसाच घालून चालत नाही. आदल्या रात्री तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद पिशवीत घालून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा, मग पुसून कोरडा करायचा. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खळग्यांची रांग असते. त्यातून तिला ऊब दिसते म्हणा, कळते म्हणा. म्हणून उंदराचं डोकं अंगापेक्षा जरा जास्त गरम हवं. त्यासाठी मी केस वाळवायचं मशीन वापरायचे. लांब चिमट्यात शेपटीकडून धरून तो तिच्या पुढ्यात हलकेच हलवायचा. एरवी ती मानेचा इंग्रजी एस करून थांबते, जीभ आत-बाहेर, आणि मग झडप. इतकी झटकन की डोळ्याला फक्त आधी आणि नंतर दिसतं.

२५ जूनला तिने जीभ काढली, उंदीर हुंगला आणि मान फिरवली. पाहुण्याने भाताला नको म्हणावं तशी.

पहिल्या नकाराचं मला काही वाटलं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात डोळे दुधी निळे झाले, म्हणजे कात टाकायची वेळ. त्या दिवसांत नजर धूसर असते, साप खात नाही. पुढे काही दिवसांनी तिने अख्खी कात एकसंध काढली, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. मी ती कात उजेडात धरून तपासली. डोळ्यांवरची चकती मागे राहिली तर पुढच्या कातेला त्रास होतो. सगळं व्यवस्थित होतं. आता खाईल म्हणून उंदीर काढला. नाही खाल्ला.

मग मी ते सगळं केलं जे करायचं नसतं.

दर चार दिवसांनी उंदीर काढायला लागले. एकदा गरम झालेला आणि नाकारलेला उंदीर पुन्हा गोठवता येत नाही, म्हणजे प्रत्येक नकाराला एक उंदीर माडाच्या मुळाशी. रात्री नऊला देऊन बघितला, पहाटे चारला देऊन बघितला. रात्रभर टँकमध्ये ठेवून बघितला, सकाळी खोलीत वास. कोंबडी उकडलेल्या बिनमिठाच्या पाण्यात बुडवून दिला. उंदरावर कोंबडीची पिसं चोळली. एका रात्री उंदराची कवटी सुरीच्या टोकाने उघडली, कारण मेंदूचा वास सापाला खेचतो असं सापवाले सांगतात, आणि ते खरंही आहे. त्या रात्री मी जेवले नाही. तीही नाही.

या जातीच्या जंगलातल्या खाण्यात आफ्रिकेतले मऊ केसांचे उंदीर असतात, परदेशात हट्टी सापांना तेच देतात. आचऱ्यात ते मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आईला मात्र उंदीर विकत आणणंच पटत नव्हतं. पावसात रानातले उंदीर घरात शिरतात, आमच्या माळ्यावर रात्री त्यांची पकडापकडी चाललेली असते. "माळ्यार नाचतत ते काय कमी आसत? एक धरून घाल. फुकट." मला दोन मिनिटं मोहही झाला. पण घरातल्या उंदराने आजूबाजूला कुठे विष खाल्लेलं असेल सांगता येत नाही, आणि त्याच्या अंगावरचे माइट्स म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, पोटातले जंत सापाला मिळतात ते वेगळंच. शिवाय आमच्याकडे पावसाळा म्हणजे लेप्टोचा, लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचा काळ. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, मळ्यातल्या चिखलातून तो पसरतो, आणि दरवर्षी आरोग्यसेविका गोळ्या वाटत फिरतात. हाताने उंदीर धरायला मी काही धजले नाही.

जिवंत उंदराचा प्रयोग मात्र केला, आणि त्याची मला अजून लाज वाटते. कोल्हापूरला गेलेल्या एका मित्राने पांढरा उंदीर आणून दिला. मी तो टँकमध्ये सोडला. लाडूने लगेच गोळा केला. उंदीर जरा वेळ कोपऱ्यात बसला, मग तिच्या अंगावर चढला, तिथे बसून त्याने मिशा साफ केल्या, दोन्ही हातांनी, निवांत. मला हसू आलं. पुढच्या क्षणी त्याने तिच्या शेपटीच्या टोकाला दात लावला. न खाणारा साप आणि भुकेला उंदीर एकत्र ठेवले तर शिकार कोण होतं हे मी वाचलेलं होतं, तरी समोर बघितल्याशिवाय पटलं नव्हतं. चिमट्याने त्याला उचलला. तिच्या दोन खवल्यांवर ओरखडा, रक्ताचा एक थेंब. आयोडीनचं पातळ पाणी लावलं. उंदराला पिंजऱ्यात घालून स्वयंपाकघरात ठेवला, उद्या परत देऊ म्हणून.

तो परत गेलाच नाही. आईने त्याला सकाळी चमचाभर पेज घातली. त्याने ती दोन हातांनी, आवाज करत संपवली. आईचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "ह्यो तरी खाता बघ." त्या दिवसापासून घरात एक जनावर उपाशी आणि दुसरं लठ्ठ होत चाललेलं.

एव्हाना श्रावण लागला. ९ ऑगस्टला नागपंचमी होती. आईने मातीचा नाग आणला, लाह्या ठेवल्या, हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही. पूजा झाल्यावर ती मागच्या खोलीत आली आणि टँकवर लांबूनच अक्षता टाकल्या. वाटीत दूध आणलं होतं. साप दूध पीत नाहीत, पचतही नाही, हे मी तिला सांगितलं. तिने वाटी उंदराला दिली. आबा ओट्यावरून म्हणाले, श्रावण पाळते आहे, चतुर्थीला सोडेल.

चतुर्थीला घर भरलं. मुंबईचे चाकरमानी, त्यांची मुलं, त्यांच्या मुलांचे मित्र. गणपती पुढच्या खोलीत आणि मागच्या खोलीत लाडू, दर्शनाला दोन रांगा. मी नको म्हणायला हवं होतं. पण मला ती दाखवायला आवडायचं, हेही खरं. पाच दिवस काचेवर बोटं, मोबाइलचे दिवे, भजनाचे टाळ. ती मडक्याखालून बाहेरच आली नाही.

वजनाचं सांगायचं राहिलं. वजन हाच या सगळ्यात एकमेव भरवशाचा माणूस होता. दर दोन आठवड्यांनी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्लास्टिकचा डबा ठेवायचा, काटा शून्य करायचा, तिला अलगद आत सोडायचं आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखायचा. आकडे मी कालनिर्णयवर लिहायचे, दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींशेजारी. मेमध्ये १३८० ग्रॅम. जुलैअखेर १३५२. गणपती विसर्जनानंतर १३१०.

१३१० लिहिलं आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आमच्या भागातले पशुवैद्य गुरांचे, कुत्र्यांचे, चांगले आहेत, पण साप बघणारे हे जवळातले जवळ. लाडूला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्र्याला गाठ, अभ्रा झाकणाच्या बादलीत. कणकवली, मग फोंडा घाट, मग राधानगरी. घाटात धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे लाल दिवेच तेवढे दिसत होते.

डॉक्टरांनी तिला तपासलं ते बघण्यासारखं होतं. प्लास्टिकच्या पातळ पट्टीने तोंड हळूच उघडलं, हिरड्या बघितल्या. लाल ठिपके, दह्यासारखा पू असला तर तोंड सडण्याचा रोग, तो नव्हता. मग तिचं डोकं कानाशी धरून श्वास ऐकला. शिटी, बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं म्हणजे फुप्फुसाचा संसर्ग, कोकणच्या पावसाळ्यात ओल जास्त आणि ऊब कमी झाली की हमखास. तोही नव्हता. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीच्या खोबणीत माइट्स शोधले. बोटांनी पोट चाचपत शेपटीपर्यंत गेले, अंडी धरलेली मादी खाणं सोडते म्हणून. मी काडेपेटीत नेलेली जुनी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, जंत नव्हते. मग पाठीवरून अंगठा फिरवला. कणा वर आलेला नव्हता, अंग अजून गोल होतं.

"साप बरा आहे," ते म्हणाले, "तुमचं काय चाललंय ते सांगा."

मी सांगितलं. चार दिवसांनी उंदीर, पहाटे चार, कोंबडीचं पाणी, चाकरमानी. ते ऐकत होते आणि मला माझंच ऐकून कसंतरी होत होतं.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. साप अंगाची ऊब स्वतः तयार करत नाही, त्यामुळे त्याचा खर्च आपल्या मानाने फार थोडा. ही जात तर महिनोन् महिने न खाण्यासाठीच प्रसिद्ध. उपासात आतडीसुद्धा आक्रसून बसतात. बर्मी अजगरावर झालेल्या संशोधनात जेवल्यावर दोन दिवसांत हृदय सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं होतं, म्हणजे खाणं बंद असताना यांचं शरीर दुकान मिटून बसतं आणि गिऱ्हाईक आलं की फळ्या काढतं. नळीने भरवणं हा शेवटचा उपाय. त्याचा ताण इतका की त्यानंतर साप आपणहून खायचा आणखी लांबतो. सुरुवातीच्या वजनाच्या १० टक्के उतरलं की फोन करा. तोवर तीन आठवड्यांतून एकदाच उंदीर दाखवा, घेतला नाही तर पंधरा मिनिटांत काढून घ्या. अंगाला हात लावू नका. टँकच्या तीन बाजू झाका. आणि ऊब पुन्हा मोजा, आकड्यावर नाही, जमिनीवर.

ते शेवटचं घरी येऊन केलं आणि डोक्याला हात लावला. मॅटची ऊब सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटवर ३२ अंश दिसत होतं. त्याचा सेन्सर मात्र सरकून भुशाखाली, थेट हीट मॅटवर जाऊन पडला होता. वर, जिथे ती झोपायची, तिथे २७. पावसाळ्यात वीज आठवड्यातून दोनदा जायची तेव्हा त्याहूनही कमी. या जातीला एका बाजूला ३१-३२ आणि दुसऱ्या बाजूला २६ च्या आसपास लागतं, म्हणजे हवी तशी जागा ती स्वतः निवडते. माझ्या टँकमध्ये दोन्ही बाजूंना तिला 'गार' एवढा एकच पर्याय होता. पोटात ऊब नसली तर खाल्लेलं पचत नाही, सडतं. ती न खाऊन शहाणपणा करत होती.

सेन्सर नीट लावला. भुसाही बदलला. परदेशात सापांसाठी नारळाच्या सालीचा भुसा पाकिटातून विकतात, आमच्या परसात सोडणांचा ढीग पडलेला असतो. ती सोडणं कडक उन्हात वाळवून, कुटून, भट्टीत तापवून वापरली. तीन बाजूंना काळा कागद लावला. पुढची बाजू उघडीच ठेवली. मला बघायचं असायचं ना.

ऑक्टोबर गेला. नोव्हेंबर गेला. तिने आणखी एक कात टाकली. तीन आठवड्यांतून एकदा उंदीर, एकदा नकार. पण थंडी लागली आणि आकडा जोरात उतरायला लागला. डिसेंबरच्या सुरुवातीला १२४०. १३८० चे १० टक्के म्हणजे १३८, वजावट करून १२४२. कालनिर्णयवर लिहिताना माझा हात थांबला. आईने खांद्यावरून बघितलं. तिला टक्के कळत नाहीत, पण माझा हात कळतो.

डॉक्टरांना फोन केला. नळीने भरवायची वेळ २३ डिसेंबरची ठरली, कारण त्याच्या आधी आमच्याकडे गावपळण होती.

आचऱ्याबाहेरच्यांना सांगते. दर काही वर्षांनी, रामेश्वराचा कौल झाला की आमचं अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातं. बारा वाड्यांतली माणसं, तान्ही मुलं, आजारी म्हातारी, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या. गावात कोणी मागे राहत नाही. वेशीबाहेर झावळ्यांच्या राहुट्या, तिथे चुली, तिथेच भजनं, रात्रीच्या गजाली. मग पुन्हा कौल लागतो आणि गाव परत येतं. त्या वर्षी ती डिसेंबरच्या मध्यात आली.

मी लाडूला मालवणला मित्राकडे ठेवायचं म्हणत होते. आईने ऐकलंच नाही. "गुरां जातत, कोंबडी जातत, कुत्रे जातत. मगे ह्यां काय जनावर न्हय?"

चार फुटी काचेचा टँक राहुटीत नेणं शक्य नव्हतं. भांड्यांच्या दुकानातून झाकणाचा प्लास्टिकचा टब आणला, गडद निळा, आरपार न दिसणारा. बाजूंना तापलेल्या खिळ्याने भोकं पाडली. आत सोडणाचा भुसा, पाण्याची वाटी. त्यात लाडू अशी बसली की चारही बाजूंनी तिला भिंत लागत होती. टब मासळीच्या थर्माकोल पेटीत, पेटीच्या झाकणालाही भोकं, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. रात्री दोनदा उठून मी ती बदलायचे. उंदराचा पिंजरा आईच्या उशाशी. वेशीवर आबा भेटले, त्यांच्या काखेत कोंबडा. त्यांनी पेटीकडे बघितलं आणि काही न बोलता पुढे झाले.

तीन दिवस मी झाकण उघडलं नाही. उघडून करणार काय होते? माणसांनी भरलेल्या राहुटीत सापाचं झाकण कोण उघडतं?

परतलो तेव्हा घर गार पडलं होतं. टँक तापायला वेळ लागणार म्हणून टबच हीट मॅटवर ठेवला, अर्धा वर अर्धा बाहेर, सेन्सर आतल्या तळाला चिकटवून. दुसऱ्या दिवशी तिला टँकमध्ये हलवायला गेले, झाकण किलकिलं केलं. ती गोळा करून बसली नव्हती. अंग सैल, टबच्या कडेकडेने पसरलेलं, हनुवटी वाटीच्या काठावर. अशी मी तिला मेपासून बघितली नव्हती. झाकण तसंच लावलं.

२२ ला रविवार होता. रात्री दहाला उंदीर काढला. मुद्दाम लहान, नेहमीच्या निम्म्या आकाराचा, इतक्या दिवसांनी पहिला घास मोठा नको म्हणून. कोंबडीचं पाणी नाही, पिसं नाहीत. डोकं गरम केलं. दिवा बंद, बाहेरच्या पडवीतला उजेड तेवढा. झाकणाचा एक कोपरा उचलला, चिमटा आत घातला आणि हलवलाही नाही. नुसता धरला.

आधी काही नाही. मग आतून भुसा सरकल्याचा आवाज, फार बारीक, कोणी कागदावर बोट फिरवावं तसा. चिमट्याला धक्का बसला. हात मागे घेतला तर चिमटा रिकामा.

झाकण लावून मी तिथेच फरशीवर बसले. वीस मिनिटांनी भोकातून मोबाइलचा अगदी मंद उजेड टाकला. वेटोळ्यांच्या मधे तिचा जबडा एकदा डावीकडून पुढे, एकदा उजवीकडून पुढे सरकत होता. ओठाच्या कडेला गुलाबी शेपटीचं टोक. मान लांब करून तिने ते आत घेतलं, मग दोनदा मोठी जांभई दिली, जबडा जागेवर बसवायला.

दारात आई उभी होती, हातात बॅटरी, पण बंद. तिने या वेळी प्रश्न विचारला नाही.

सकाळी डॉक्टरांना फोन करून नळीची वेळ रद्द केली. दोन दिवस टबाला हात लावायचा नाही असं घरात जाहीर केलं. काचेचा टँक विकायला काढला आणि भांडीवाल्याकडून टबाचा मोठा भाऊ आणला, तोही गडद.

चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर कालनिर्णयवर २२ च्या चौकोनात आईच्या अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: दूध दीड लिटर, लाडू एक.